सशाची सासू

प्रिय सूनबाई,

सासूचं पत्र आलं की सुनेनं आधी पाणी पिऊन घ्यावं, असं तूच एकदा हसत म्हणाली होतीस. तेव्हा पाणी पी. डोंगरावरच्या त्या सराव शिबिरात, विरळ हवेत दिवसभर पळून आली असशील, तुला त्याची गरजही असेल. मग नेहमीसारखी पाय भिंतीला टेकवून उताणी पड आणि निवांत वाच. तुमच्या कोचबाईंनी सगळ्या मुलींचे फोन गोळा करून कपाटात कुलूपबंद केलेत म्हणे. बाई कडक दिसतात, पण मला त्यात तोटा वाटत नाही. फोनवर तू ‘हं’, ‘हो आई’, ‘बरं आई’ करत मला बघता बघता वाटेला लावतेस. पत्राला ‘हं’ म्हणायची सोय नसते.

इकडे सगळं छान आहे. तुझा नवरा दिवसभर गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत हिंडतो आणि संध्याकाळी आपल्याच इमारतीची लिफ्ट बंद म्हणून जिने चढून धापा टाकत घरात येतो. मी हसले की म्हणतो, "आई, पिकतं तिथे विकत नाही." ही म्हण इथे बसत नाही, पण दमून आलेल्या माणसाच्या म्हणी तपासू नयेत. माझं काज-बटणाचं काम जोरात चाललंय. समोरच्या शिंप्यानं शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलंय, त्यामुळे खिडकीपाशी सदऱ्यांचा डोंगर झालाय, आणि हो, त्यातले निम्मे तुझ्या खुर्चीवर आहेत. रागावू नकोस, तू आलीस की उचलीन. गुडघे बोलतात. बोलू देत, घरात दिवसा कुणीतरी बोलणारं हवंच. खालचा सलूनवाला रोज तुझी चौकशी करतो. त्याच्याबद्दल सांगायचं आहे, पण त्याला त्याच्या नंबरावर येऊ दे.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे तू पानं उलटून शोधत बसणार नाहीस. काल कोचबाईंचा याला, तुझ्या नवऱ्याला, फोन आला. म्हणाल्या, अजिंक्यपद स्पर्धेसाठी नाव द्यायची मुदत या महिन्याअखेर संपते आणि तू अजून नाव दिलेलं नाहीस. विचारलं तर म्हणतेस, ‘मी ससाच बरी. आणि हा हंगाम संपला की तेही पुरे.’ हे ऐकलं आणि माझ्या हातून एका सदऱ्याचं काज चक्क उलट्या पट्टीवर पडलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शिंपी म्हणाला, "काकू, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." मी म्हटलं, हो. आता त्याला काय सांगू? तर म्हणून हे पत्र. पण घाबरू नकोस, मी तुला ‘पळ’ही म्हणणार नाही आणि ‘थांब’ही म्हणणार नाही. मी आपली दर शर्यतीनंतर देते तशा बातम्या देणार, आणि कुणी न विचारता माझी मतं देणार.

पहिली बातमी दिव्यांची. पेपरात परवा अर्धं पान भरून लेख आला होता. ट्रॅकच्या आतल्या कडेला आता छोटे दिवे बसवतात, ठरवलेल्या वेगानं उजेड पुढे पुढे पळत जातो, आणि धावणाऱ्यांनी त्याच्या मागे पळायचं. लिहिणारा अर्थातच आपला ‘शिट्टी’. मी त्याला शिट्टी का म्हणते ते तुला माहीत आहे, तो स्वतः कधी खेळत नाही, नुसता वाजतो. त्याचं म्हणणं असं की दिवे आले, आता सशांचं काम संपलं. माझं मत विचारशील तर दिवा वारा अडवत नाही. दुसरं म्हणजे दिव्याला धाप लागत नाही. ज्याला धापच लागत नाही त्याच्या मागे पळून कुणाला धीर कसा यावा? पुढच्या माणसाची पाठ घामानं भिजलेली दिसली की मागच्याला वाटतं, हिला जमतंय, मलाही जमेल. पण खरं ते खरंच म्हणायला हवं. दिवे स्वस्त पडतात आणि आजारी पडत नाहीत, तेव्हा पुढे पुढे सशांना बोलावणी कमीच येणार. शिट्टी उंटावरून शेळ्या हाकतो, पण एखादी शेळी चुकून बरोबर घरी जातेच.

दुसरी बातमी बुटांची. जाड तळव्यांच्या नव्या बुटांमुळे विक्रम धडाधड मोडतायत आणि जुने धावपटू नाकं मुरडतायत, की हा विक्रम पायाचा की बुटाचा? मला विचार. चांगली सुई मिळाली म्हणून मला काज करता यायला लागलं असं नाही, पण वाकडी सुई दिली तर मीही ओढणार नाही. तेव्हा बूट घालू देत बापड्यांना, फक्त सगळ्यांना सारखे मिळू देत. आणि तिसरी बातमी रिलेची. देशातल्या सगळ्यांत वेगवान चौघींनी बॅटन पाडलं, तेही पहिल्याच बदलाला. कुणी म्हणतं हात घामेजले होते, कुणी म्हणतं वारा होता. नाचता येईना, अंगण वाकडं. चौघीही बाणासारख्या पळतात, पण दुसरीच्या हातात नीट द्यायचं कसं याचा सराव कुणी केला नसणार. घराघरात हेच होतं बघ. वेग सगळ्यांकडे असतो, हातात हात लागेपर्यंत सोडायचं नाही हे कुणी शिकवत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पत्राच्या शेवटी माझ्याच अंगाशी येणार आहे.

काल तुझ्या खुर्चीवरचे सदरे सरकवताना मला तू पहिल्यांदा आपल्या घरी आलीस तो दिवस आठवला. तुझे सासरे तेव्हा होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, काय करतेस? तू कप हातात धरून, चेहरा सरळ ठेवून म्हणालीस, "मी ससा आहे." ते म्हणाले, "मग गाजरं तरी आणून ठेवली असती." सगळे हसलो, आणि मग तू समजावून सांगितलंस. मोठ्या शर्यतींत विक्रम व्हावा म्हणून एक जण पुढे ठेवतात, तिनं ठरलेल्या वेगानं पहिल्या फेऱ्या न्यायच्या, वारा छातीवर घ्यायचा, मागच्यांना नुसतं मागे यायचं काम. अडीच फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीची घंटा वाजायच्या जरा आधी, तिनं आत गवतावर उतरायचं. पुढची शर्यत बाकीच्यांची. कागदोपत्री पेसमेकर, आपापसांत ससा. शेजारच्या आजोबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की होणारी सून पेसमेकर आहे, तर त्यांनी स्वतःची छाती चाचपली, त्यांना नुकताच बसवला होता! मला मात्र तेव्हा राग आला होता. मी फटकन म्हणाले, "म्हणजे रांधायचं आपण आणि जेवायचं दुसऱ्यांनी?" तू माझ्या मांडीवरच्या सदऱ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "काकू, लोक बटणं बघतात. काज कोण बघतं? पण काज सैल असेल तर सोन्याचं बटणसुद्धा निसटतं." मी शाळेत चौथीपर्यंत गेले. नंतर जे काही शिकले ते शिंप्यांच्या दुकानांतल्या रेडिओवरून, टीव्हीवरून आणि कापड बांधून आलेल्या रद्दी पेपरांतून. पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच क्षणी मी मनात म्हटलं, पोरगा नाही म्हणाला तरी ही मुलगी मी घरात आणणार.

आता तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगते. लग्नानंतर तुझी पहिली शर्यत टीव्हीवर लागली तेव्हा शेजारीपाजारी मिळून खोली भरली होती. तू पुढे, बाकी सगळ्या तुझ्या मागे, माझी छाती फुगलेली. मग तू गवतावर उतरलीस आणि त्या कॅमेऱ्यानं तुला तिथल्या तिथे टाकून दिलं! मला बघायचं होतं की तुला कुणी पाणी दिलं का, पाठीवर टॉवेल टाकला का, निदान टेकायला काही होतं का. छे! कॅमेरा दुसऱ्यांच्या मागे पळाला. माझं डोकंच फिरलं. आमचं माणूस हे दाखवत नाहीत, तर यांची माणसं आम्ही का बघायची? मी याला म्हटलं, बंद कर तो टीव्ही. त्यानं केला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चहा ठेवला. शेजारी तोंड उघडं टाकून बसले, कोण जिंकलं ते कळेना. तेव्हापासून या घराचा तोच नियम होऊन बसला. हा रिमोट घेऊन असा बसतो जसा काही शर्यत सुरू करणारा पिस्तूल घेऊन उभा आहे. उतरण्याआधी तू एकदा डाव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघतेस ना, तीच आमची खूण. मान वळली की बटण दाबलं. टाळ्या. चहा. शेजाऱ्यांनी येणं केव्हाच सोडलं, ते आता खाली सलूनमध्ये जातात. सलूनवाला म्हणतो, "काकूंकडे शर्यत अर्धी मिळते, पण चहा पुरा मिळतो." आणि माझ्या पत्रांत मी जे ‘शेवटच्या वळणावर अमकीनं तमकीला कसं गाठलं’ असं रंगवून लिहायची, ते सगळं त्याचं असायचं. मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन त्याच्याकडून ऐकून घ्यायची आणि पेपर वाचून वर मीठ लावायची. तुला वाटायचं, सासूची नजर काय बारीक आहे!

ते असो. रविवारच्या शर्यतीकडे येऊ. तिच्याबद्दल इथे काय काय बोललं जातंय ते तुला कळायलाच हवं, कारण तुमच्या डोंगरावर पेपर येत नसणार. शिट्टीनं लिहिलंय की वारा फार होता, त्यामुळे विक्रमाचं नाव घेऊन आलेल्या सगळ्या पहिल्याच फेरीत एकमेकींच्या आड लपल्या. ससा ठरलेल्या वेगानं गेला, मागे कुणी आलंच नाही. तू जिला ‘जिराफ’ म्हणतेस ती लांब मानेची पोरगी, जिच्यासाठी ही सगळी मांडामांड होती, तीही घोळक्यात अडकली. तुझी उतरायची जागा आली तेव्हा मधे म्हणे अख्खा सरळ पट्टा रिकामा होता. आणि पुढे शिट्टीचं वाक्य असं: ‘ससा उतरला नाही.’ घंटा वाजली ती तुझ्यासाठी. पाच हंगाम तू या शर्यती ओढल्यास, पण ती घंटा वाजताना तू कधी ट्रॅकवर नव्हतीस. शेवटच्या वळणावर जिराफ सुटली आणि रेषेच्या अगदी अलीकडे तिनं तुला गाठलं. ती पहिली, तू दुसरी. पेपरात फोटो आहे. तुम्ही दोघी छाती पुढे काढून रेषेवर, तिच्या छातीवर तिचं नाव, तुझ्या छातीवर नुसतं ‘पेस’. खाली छापलंय, ‘विजेती, आणि तिच्यामागे पेसमेकर.’ मी तो कापून भिंतीवर लावला. यानं लिफ्टवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीनं ‘पेसमेकर’ खोडून वर तुझं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच घाणेरडं आहे, पण जागेवर आहे.

आता मतं. शिट्टीचं मत, तू शब्द मोडलास, सशानं सशासारखं राहावं. समोरच्या शिंप्याचं मत, दुसरीच आली ना, मग एवढा गाजावाजा कशाला. सलूनवाल्याचं मत छापण्यासारखं नाही, कारण त्यात शिट्टीच्या घराण्याचा उल्लेख येतो. कोचबाईंनी याला नियम समजावून सांगितला. सशाचंही नाव शर्यतीत रीतसर असतं, उतरलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, जोवर पाय ट्रॅकवर आहेत तोवर ती शर्यत तिचीही आहे. आणि माझं मत असं. काम अर्धं टाकून तू स्वतःसाठी पळाली असतीस, वेग चोरला असतास, तर मीच तुझा कान धरला असता. पण तुला सांगितलं होतं तिथपर्यंत, सांगितलं होतं त्या वेगानं तू नेलंस. कुणी मागे आलं नाही हा काही तुझा दोष नव्हे. नेमून दिलेलं काम चोख करून माणूस स्वतःच्या जोरावर पुढे गेला, तर त्याला बेइमानी कुठल्या गावात म्हणतात? आणि सगळ्यांत मोठं मत जिराफचं. तिची मुलाखत आली आहे. म्हणते, "ती पुढे दिसत होती म्हणून मी पळाले. एरवी ती मला अर्ध्यापर्यंत नेते, आज रेषेपर्यंत नेलं." जिचं नुकसान व्हायचं तिचीच तक्रार नाही, मग बाकीच्यांनी कशाला छाती बडवायची? मुलगी गुणी आहे. पुढच्या वेळी भेटली तर तिला सांग, तिच्या कोटाची बटणं सैल झालीत, मुलाखतीच्या फोटोत दिसतात. पाठवून दे म्हणावं माझ्याकडे.

इतकं सगळं लिहिलं आणि अजून मूळ गोष्ट घशातच आहे. सांगते. काल कोचबाईंनी फोन ठेवताना आणखी एक वाक्य सांगितलं. त्यांनी तुला विचारलं होतं, इतकी छान पळालीस, मग आता माघार का? तर तू म्हणालीस, "बाहेरचे काय वाटेल ते बोलू देत. पण घरीसुद्धा कुणाला आवडलं नाही. आईंनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही." अगं! शर्यत संपल्यावर तू स्टेडियममधून फोन केला होतास. धाप पुरती उतरली नव्हती. विचारलंस, "आई, पाहिलंत ना?" आणि मी म्हटलं, "पाहिलं ना. नेहमीसारखं झकास. उतरल्यावर पाणी प्यायलीस का?" तू ‘हं’ म्हणालीस. मग ‘बरं आई’. मी समजले, दमली असेल. दुसऱ्या दिवशी पहाटे तुमची बस डोंगरावर गेली आणि फोन कपाटात गेले.

सूनबाई, आम्ही पाहिलंच नव्हतं. तुझी मान वळली, याचा अंगठा दाबला गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या, मी चहा ठेवला. खाली सलूनमध्ये नुसता हलकल्लोळ चालला होता, खुर्च्या पडल्याचे आवाज आले. मी आधण ढवळत याला म्हणाले, "जिराफ जिंकली वाटतं." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि वाईट याचं वाटतं की तुला ओळखत नव्हतो म्हणून हे झालं नाही, फार ओळखतो म्हणून झालं. जगात दुसऱ्या कुणाला तुझ्या त्या मान वळवण्याचा अर्थ माहीत नसेल. त्यांना अर्थ माहीत नव्हता म्हणून ते बघत राहिले. आम्हाला माहीत होता म्हणून आम्ही बंद केलं.

सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच बाहेर धावत आला. "काकू, एवढं झालं आणि तुम्ही ढिम्म? मला वाटलं आता खाली येतील, मग येतील! वर टीव्हीचा आवाज बंद झाला तेव्हा म्हटलं, आनंदानं फुटला वाटतं!" मी विचारलं, "काय झालं?" त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि मला हाताला धरून आत नेलं. याला हाक मारून वरून खाली बोलावलं. शर्यत पुन्हा दाखवत होते. मला त्या फिरत्या खुर्चीत बसवलं, जन्मात पहिल्यांदा. शेजारच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून बसलेलं, तेही हलेना. तुझी मान वळली आणि, खरं सांगते, याचा हात आपोआप खिशात रिमोट शोधायला गेला! सलूनवाल्यानं तो हात धरून ठेवला. आणि मग तू उतरली नाहीस. घंटा वाजली. गिऱ्हाईक ओरडलं, "पळ गं माझी बाई!" त्याला तुझं नावही ठाऊक नव्हतं. निकाल काय लागणार ते सलूनवाल्यानं सांगितलं होतं, तरी शेवटच्या वळणावर मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि खुर्ची माझ्यासकट फिरत होती, त्यामुळे शेवटची काही पावलं मी आरशात पाहिली. आरशात तू दुसऱ्या बाजूनं पळत होतीस, आणि माझ्या इतकी जवळ होतीस की मी हात पुढे केला. रेषा ओलांडल्यावर तू गुडघ्यांवर हात टेकून वाकलीस. तेव्हा, सूनबाई, कॅमेरा तुझ्याकडे आला. पहिल्यांदाच. कुणीतरी तुला पाणी दिलं. कुणीतरी खांद्यावर टॉवेल टाकला. इतक्या वर्षांचा माझा प्रश्न सुटला. मग तू कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणालीस. आवाज ऐकू आला नाही, पण ओठ ‘आई’ म्हणाल्यासारखे हलले. कुठली आई ते मी विचारणार नाही. तुझी दुसरी आईही टीव्ही बघत होतीच. हा चष्मा पुसत होता. सलूनवाल्यानं त्याला दाढीचा टॉवेल दिला, तो आधीच ओला होता.

कोचबाईंमार्फत निरोप देऊन टाकू असं हा म्हणत होता. मी नको म्हटलं. आम्ही बघितलं नाही हे तुला तिसऱ्याच्या तोंडून कळू नये. बॅटन हातात लागेपर्यंत सोडायचं नसतं, आणि त्या संध्याकाळी फोनवर तुझ्या हातात द्यायचं ते मी खाली पाडलं होतं. ते उचलून द्यायला हे पत्र लिहिलं. आम्हाला आवडलं गं. फार आवडलं. नाव द्यायचं की नाही ते तू ठरव, ससा राहिलीस तरी या घराची मान ताठच आहे, काजाला कमी मानणाऱ्यांतली मी नाही. फक्त ‘घरी आवडलं नाही’ म्हणून नावाची जागा कोरी ठेवू नकोस, कारण ते खोटं आहे. आणि दिलंस, तर छातीवर ‘पेस’च्या जागी तुझं नाव येईल, तो कापडी चौकोन मात्र टाचण्या लावून फडफडू देऊ नकोस, मी चारी कोपऱ्यांना टिचबटणं लावून देईन. इकडची तयारी झालेली आहे. रिमोटमधले सेल यानं काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात घातले. घड्याळ चालू झालं. आता शर्यत सुरू झाल्यावर टीव्ही बंद करायचा तर कुणाला तरी उठून तिथवर जावं लागेल. हा उठणार नाही, आणि माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत.

तुझीच,
शेवटपर्यंत बसून राहणारी,
आई